रिकामी खोली कोणाच्याही सामानासाठी नाही

हे मृत्युपत्र मला आत्ताच लिहावे लागत आहे, कारण मी दवाखान्यात होते त्या एकोणीस दिवसांत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत एकतीस खोकी आणून रचण्यात आली. त्या खोलीत बसून अभ्यास करणाऱ्या सात मुलींना निघून जायला सांगण्यात आले. आणि मी घरी आल्यावर माझ्या मुलाने मला विचारले, "आई, तुझं इथे आहेच काय?" माझे इथे काय आहे आणि माझ्यामागे ते कोणाचे होईल, हे आता कागदावर लिहून देते. तोंडी सांगून पाहिले आहे.

मी, ज्योत्स्ना दिनकर बोरस्ते, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण बी. कॉम. (१९७२), निवृत्त भांडारपाल, राहणार इंदिरानगर, नाशिक. माझा खुबा मोडला होता, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मजकूर माझा, हस्ताक्षर माझे, आणि लिहिताना घरात मी एकटी आहे, त्यामुळे कोणी दडपण आणले असे म्हणायला जागा नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यात बदल करायचा झालाच तर तो मीच करीन आणि लेखी करीन.

कलम १. मिळकतीबाबत

इंदिरानगर येथील दुसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्या आणि गॅलरी असलेला फ्लॅट ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तो १९९६ साली माझ्या पगारावर घेतला. कागदावर माझे एकटीचे नाव आहे. माझे पती दिनकर तेव्हा म्हणाले होते, "तुझ्याच नावावर राहू दे, माझ्याकडून कागद सापडत नाहीत." त्यांच्या आयुष्यातला हा एक निर्णय मला पूर्ण मान्य आहे. या मिळकतीवर कर्ज नाही, वाद नाही. वाद होणार हे मला ठाऊक आहे, म्हणून एवढे सविस्तर लिहीत आहे.

फ्लॅट कोणाला, ते कलम ७ मध्ये येईल. आधी त्या फ्लॅटमध्ये जे माझे नाही त्याची वासलात लावते.

कलम २. माझ्या घरात वस्तू कमी का आहेत

१९८४ ते २००९ मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे भांडार सांभाळले. नऊ हजारांवर प्रकारांचा माल होता. बेअरिंगे, पट्टे, नटबोल्ट, तेलाचे डबे. प्रत्येक कप्प्याला एक कार्ड बांधलेले असे, त्याला आम्ही बिन कार्ड म्हणत असू. माल कधी आला, कोणी नेला, किती उरला, एवढेच त्यावर लिहायचे. ज्या कार्डावर तीन वर्षांत नवी ओळ पडली नाही तो माल मेलेला. त्याची यादी करून मी वर पाठवत असे आणि मंजुरी आली की माल बाहेर काढत असे. साहेब लोक हळहळत. मी हळहळत नसे. मेलेला माल जिवंत मालाची जागा खातो.

घरी मात्र माझे काही चालले नाही. दिनकर त्याच कारखान्यात टूलरूमला फिटर होते. हाताने हुशार होते आणि कोणाला उलटून बोलत नसत, पण एकही वस्तू त्यांच्याच्याने टाकवत नसे. "लागेल कधीतरी" हे त्यांचे ठरलेले उत्तर. २०१६ साली ते गेले आणि घर मोकळे करायला मला सात महिने लागले. बंद पडलेले चार रेडिओ निघाले. काड्या मोडलेल्या अकरा छत्र्या. दाढीच्या पात्यांची रिकामी पाकिटे, दोऱ्याने बांधून. कुकरच्या तीन शिट्ट्या, ज्यांचे कुकर कुठल्या साली गेले ते कोणाला माहीत नाही. ज्या माणसाला बेचाळीस वर्षांत संध्याकाळी माझ्याशी बसून बोलायला वेळ मिळाला नाही, तो पोटमाळ्यावर खाटखूट करत काय जपत होता ते मला त्या सात महिन्यांत कळले. मला राग आला. तो अजून आहे. रागाला ठेवायला जागा लागत नाही, म्हणून तो मी टाकलेला नाही.

शेवटचे पोते भंगारवाल्याने खाली नेले त्या दिवशी मी पुढच्या खोलीच्या मधोमध उभी राहिले. हात पसरले तर ते कशाला लागत नव्हते. वयाच्या पासष्टाव्या वर्षी मला माझ्याच घराची फरशी पहिल्यांदा चारही कोपऱ्यांपर्यंत दिसली. तेव्हापासून मी चार पातळे, दोन ताटे, एक कढई, एक कुकर, एक पलंग आणि वर्तमानपत्र एवढ्यावर राहते. केर काढायला चार मिनिटे लागतात. काही हरवत नाही, कारण हरवायला काही नाही. मला यासाठी कोणी गुरू भेटला नव्हता. मला नुसते बरे वाटले.

नातेवाइकांनी मात्र यातून एक भलताच अर्थ काढला. बाईकडे वस्तू कमी आहेत, म्हणजे बाईला जागा कमी लागते, असे त्यांनी धरले. हे मृत्युपत्र त्या समजाविरुद्ध आहे.

कलम ३. दीर धनराज, मुक्काम नांदगाव

यांनी २०१८ साली नवा सोफा घेतला आणि जुना टेम्पोत घालून न विचारता माझ्या दारात आणला.

"वहिनी, तुमच्याकडे बसायला काहीच नाय. आली-गेली माणसं काय म्हणतील?"

"भावजी, माणसं खाली बसतात आणि लवकर उठतात. मला तेच बरं पडतं."

सोफा तरी राहिलाच. सात वर्षांत भावजी त्यावर दोनदा बसले. मी तो गॅलरीत काढला, तिथे त्यात मांजर व्याली. त्याच भावजींनी गेल्या वर्षी मुली अभ्यासाला बसलेल्या पाहून मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितले, "सुरगाण्याकडच्या पोरी घरात बसवताय. उद्या घर त्यांचंच झालं म्हणजे?"

"तुम्ही सोफा बसवलात तेव्हा तुम्हाला ही भीती नव्हती वाटली," मी म्हणाले. भावजी चहा न घेता गेले.

दिनकरांच्या सामानातली हत्यारांची एक पेटी तेवढी मी ठेवली आहे. पाने, कानशी, मायक्रोमीटर. त्या पेटीतले व्हर्नियर १९९८ सालापासून भावजींकडे आहे, 'दोन दिवसांसाठी' नेलेले. आता ती पेटीही मी त्यांना देते. भावजी शेतावरचा पंप स्वतः उघडतात, हे मी पाहिले आहे. त्यांच्या हातात हत्यारे वाया जाणार नाहीत. अट एकच: पेटी नेताना सोफा न्यायचा. सोफा नेला नाही तर पेटी नाही.

कलम ४. नणंद चंद्रभागाबाई, मुक्काम सिन्नर

इथे चूक माझी आहे आणि ती मी लिहून देते.

लग्नाकार्यात मानपानाला दिलेल्या साड्या आपल्यात कोणी नेसत नाही. त्या पिशवीसकट एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातात आणि पुढच्या लग्नाची वाट पाहतात. काठावर शाईचा ठिपका असलेली एक पोपटी साडी मी २००३ साली मान म्हणून दिली होती. २०१९ साली तीच मला मान म्हणून परत आली. सोळा वर्षांत तिची घडी मोडली नव्हती. अशा चौदा साड्यांचे गाठोडे वन्संनी २०१७ साली माझ्याकडे आणून ठेवले. "तुझं कपाट मोकळंच हाय, राहू दे," म्हणाल्या. तीन वर्षे त्या गाठोड्याकडे कोणी फिरकले नाही. मी माझा भांडारातला नियम लावला आणि गाठोडे न उघडता माझ्याकडे धुणेभांडी करणाऱ्या चिमणाबाईंना देऊन टाकले.

त्यात तळाशी वन्संचा लग्नातला शालू होता.

चिमणाबाईंच्या मुलीने तो स्वतःच्या लग्नात नेसला. कोणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत वन्संनी तो ओळखला. चिमणाबाई लाजेने अर्ध्या होऊन दुसऱ्याच दिवशी शालू घेऊन आल्या. "बाई, धुऊन, इस्त्री करून आणलाय. तुमच्या नणंदेला द्या आन् वाद मिटवा." शालू पावडरच्या पाण्यात धुतला होता. काठाचा लाल रंग सगळ्या अंगभर पसरला होता. त्यांचा काय दोष? दुसऱ्याची वस्तू मळकी परत करू नये एवढी रीत त्यांच्याकडे होती. दुसऱ्याची वस्तू देऊन टाकू नये एवढी माझ्याकडे नव्हती.

वन्सं सिन्नरहून आल्या, शालू पाहिला आणि दारातच म्हणाल्या, "ज्योत्स्ना, तुझ्या घरात माणूस ठेवला आसता तरी तू तीन वर्सांनी देऊन टाकला आसता!"

भांडारात सगळा माल कारखान्याचा असे, आणि बाहेर काढण्यापूर्वी वरची सही लागे. इथे माल वन्संचा होता आणि सही मी माझीच धरली.

माझी लग्नातली पैठणी, जी मी आजवर कोणाला दिलेली नाही आणि टाकलेलीही नाही, ती वन्संना द्यावी. शालूची भरपाई होत नाही हे मला कळते. त्यांनी ती नेसावी अशी माझी इच्छा आहे. अट घालत नाही, कारण तपासायला सिन्नरला कोण जाणार.

कलम ५. मुलगा योगेश व सून हर्षाली, मुक्काम पुणे

हर्षालीचा मोबाइलवर 'मोजकं घर' नावाचा कार्यक्रम चालतो. त्याला ती मिनिमलिझम म्हणते. पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक कुंडी. घरात जेवढं कमी तेवढं मन मोकळं, असे ती त्यात सांगते. बरोबरच सांगते. गेल्या दिवाळीत तिने माझ्या घराचाही एक भाग केला आणि मला त्यात 'माझी प्रेरणा' म्हणाली. तिने विचारले होते आणि मी हो म्हणाले होते, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. प्रेरणेच्या घरी आपले सामान उतरवायचे असते, हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हते.

६ फेब्रुवारीला मी मोरीत घसरून पडले. खुब्याची शस्त्रक्रिया झाली. योगेश पुण्याहून धावत आला आणि चार दिवस दवाखान्यातल्या लाकडी खुर्चीवर बसून होता. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तो म्हणेल की आईने चांगले काही लिहिलेच नाही. घराची किल्ली मी त्याच्याकडे दिली होती. २४ तारखेला मला घरी आणले तेव्हा दार अर्धेच उघडले. आत छातीपर्यंत खोकी होती. मधून जायला वीतभर वाट ठेवली होती आणि माझा वॉकर त्या वाटेत मावेना. आडवे होऊन जावे तर नव्या खुब्याने आडवे चालता येत नाही. मी माझ्याच उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

"हे काय आहे?"

"आई, टेंपररी आहे हो," हर्षाली म्हणाली. "तुमच्यासाठी तिकडची खोली रिकामी केली ना आम्ही. मग त्यातलं सगळं इकडे पाठवलं. आमच्याकडे हॉलमध्ये ठेवलं असतं तर फ्रेममध्ये दिसलं असतं."

"माझ्यासाठी? मी कुठे निघाले आहे?"

"डॉक्टर म्हणाले ना, एकटं राहायचं नाही," योगेश म्हणाला. "तू पुण्याला ये. हे घर बंद ठेवू, सामान राहील इथे. आणि आई, तुझं इथे आहेच काय? दोन पिशव्यांत येशील तू."

"म्हणजे मी पुण्यात आणि खोकी नाशकात."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. खोक्यांना तीन खोल्या आणि गॅलरी. मला एक."

"आई, तुम्ही प्रत्येक गोष्टीचा असा हिशोब का लावता?" हर्षालीने विचारले. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खरे होते. त्यांनी माझ्यासाठी खोली मोकळी केली होती, हेही खरे होते. माझी भरून केली होती, एवढेच. शेवटी योगेशने खोकी एकमेकांवर चढवून वॉकरपुरती वाट केली.

डॉक्टरांनी सहा आठवडे सोबत लागेल असे सांगितले होते. जन्मभर नव्हे. ते सहा आठवडे कोणी काढले ते कलम ६ मध्ये आहे.

वॉकर घेऊन फिरू लागल्यावर मी पहिले काम केले ते म्हणजे एकतीस खोक्यांना एकतीस कार्डे बांधली. माल आल्याची तारीख, आणणाऱ्याचे नाव, शेवटचा वापर. शेवटच्या रकान्यात लिहायला काही नव्हते. त्यापैकी तीन खोकी मी समोरच्या आशाताई सोनवणे यांच्या समक्ष उघडली. एकात ब्रेड करायचे यंत्र, एकदाही न वापरलेले. दुसऱ्यात पडद्यांचे नऊ जोड. तिसऱ्यात हर्षालीच्या लग्नातला रुखवत होता. मण्यांनी मढवलेला नारळ, सुपारीची बाहुला-बाहुली, रेशमी तुळशीवृंदावन. तिच्या आईने दोन महिने बसून केलेला. ती बाई २०२१ साली गेली. ते खोके मी लगेच बंद केले आणि चिकटपट्टी दुहेरी लावली.

हर्षाली, तुला स्पष्ट सांगते. ते घरात ठेवायचे असेल तर पांढऱ्या भिंतीपुढे, फ्रेममध्ये दिसेल असे ठेव. नको असेल तर धीर करून टाक. दोन्ही मी समजू शकते. आईची वस्तू सासूच्या घरात लपवून ठेवायची आणि जगाला मोकळ्या मनाविषयी सांगायचे, हे मी चालू देणार नाही. मी तुमच्या साधेपणाचे गोदाम नाही.

योगेश यास मी कोणतीही वस्तू ठेवत नाही. दिली तर तो ठेवणार कुठे? माझे घर आता उपलब्ध नाही. त्याला मी शिकवले, त्याचे स्वतःचे घर आहे, आणि त्याला माझ्यामागे उपाशी राहावे लागणार नाही. हर्षालीस माझ्या मृत्यूनंतर माझ्या घराचा व्हिडिओ करण्यास मनाई आहे.

कलम ६. मुली

२०२१ साली शेजारच्या इमारतीत आठ मुली एका खोलीत भाड्याने राहत. दोन खाटा, एक दिवा. त्यातली एक, मीना झिपरू भोये, सुरगाणा तालुक्यातली, नोकरीच्या परीक्षेची तयारी करणारी. माझे दार उघडे असताना तिने आत पाहिले आणि पाहतच राहिली.

"बाई, घर सोडून चाललात?"

"नाही. का?"

"सामान दिसत नाय म्हणून." मग चप्पल काढत, "मग हिथं बसून वाचलं तर चालंल का? बोलणार नाय."

दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशी दोघी आल्या, महिन्याभरात सात झाल्या. सकाळी सात ते दुपारी एक. नियम मी घातले. आपले बस्कर आपण आणायचे आणि न्यायचे. पुस्तक, बाटली, पिशवी मागे ठेवायची नाही. जागा धरून ठेवायची नाही. एक वाजून पाच मिनिटांनी खोलीत पुन्हा नुसती फरशी. चार वर्षांत एकीनेही माझ्याकडे काही ठेवायला दिले नाही. माझ्या ओळखीत असे दुसरे कोणी नाही. त्यांच्यातल्या तिघी आज नोकरीत आहेत, त्यांच्या जागी नव्या तिघी आल्या.

फेब्रुवारीत योगेशने त्यांना 'आता बंद' असे सांगितले. त्या काही दिवस खाली पार्किंगमध्ये गाड्यांच्या मध्ये बसल्या. सोसायटीने उठवले. मीनाची आरोग्यसेविकेची परीक्षा १६ फेब्रुवारीला होती. निकाल गेल्या आठवड्यात लागला. यादीत तिचे नाव नाही. खोक्यांमुळे नाही, असे मीना म्हणते. खोक्यांमुळेच, असे मी म्हणत नाही. पण योगेशने तरी 'खोक्यांचा काय संबंध' असे म्हणू नये. त्याची दहावी होती तेव्हा मी शेजारच्यांचा रेडिओ बंद करायला लावला होता.

मला घरी आणल्यावर सहा आठवडे मीना माझ्या मागच्या खोलीत राहिली. मला उठवले, बसवले, अंघोळ घातली. एक पिशवी घेऊन आली आणि तीच पिशवी घेऊन गेली. पैसे देऊ केले तर म्हणाली, "आजारी माणसाचं करायला पैसे घेतात व्हय?" पुढची खोली खोक्यांनी भरलेली होती, म्हणून ती संडासाच्या दाराशी, जिथे उजेड येतो तिथे, फरशीवर बसून पुन्हा पहिल्या धड्यापासून वाचत होती. ते पाहून मी हे लिहायचे ठरवले.

कलम ७. फ्लॅट

माझ्या मृत्यूनंतर वर कलम १ मध्ये लिहिलेला फ्लॅट आशा सोनवणे (निवृत्त शालेय ग्रंथपाल, समोरचा फ्लॅट) व मीना झिपरू भोये या दोघींच्या ताब्यात विश्वस्त म्हणून जाईल. पुढची खोली मुलींच्या अभ्यासासाठी रोज उघडायची. मीना नाशकात आहे तोवर तिने मागच्या खोलीत राहावे, भाडे द्यायचे नाही. फ्लॅट वीस वर्षे विकता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येणार नाही. त्यानंतर दोघींनी, किंवा हयात असेल तिने, तो विकून रक्कम मुलींच्या एखाद्या वसतिगृहाला द्यावी. कोणते, ते त्यांनी ठरवावे. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मृत्युपत्राची अंमलबजावणी आशाताई करतील.

नातेवाईक म्हणतील की मुलीने म्हातारीला फितवले. म्हणून हेही नोंदवते. मी मीनाला आधी सरळ विचारले होते, घर तुझ्या एकटीच्या नावावर करू का.

"नको बाई," ती म्हणाली. "माझ्या नावावर झालं की आमचं सगळं गाव पोती घेऊन येल ठेवायला. मामा तर नागलीची कणगीच आणंल. मंग कुठं बसायचं?"

मी खूप दिवसांनी हसले. ज्याला मोकळ्या जागेची किंमत कळते तोच ती राखू शकतो, आणि माझ्या घरच्यांत तसे कोणी निघाले नाही.

पुढच्या खोलीत एकही वस्तू मुक्कामाला राहणार नाही. कपाट नाही, सोफा नाही, देणगीत आलेला पंखा असेल तर छताला, जमिनीवर नाही. माझा फोटोसुद्धा नाही.

कलम ८. उरलेले

बँकेतील सर्व शिल्लक त्या खोलीच्या विजेसाठी, सोसायटीच्या देखभालीसाठी आणि वर्षातून एकदा चुना मारण्यासाठी वापरावी. माझ्या हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या चिमणाबाईंना द्याव्यात. शालूच्या प्रकरणात बोलणी त्यांनी खाल्ली. चार पातळांपैकी धड असतील ती ज्यांना नेसायची आहेत त्यांनी न्यावीत, बाकीची फरशी पुसायला. दोन ताटे, कढई आणि कुकर मीनाला.

कलम ९. माझ्यानंतरचे

डोळे द्यावेत. बाकीचे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, करायचे ते योगेशने करावे. तो हक्क मी त्याच्याकडून काढून घेत नाही. दहाव्याला टॉवेल, टोपी, ब्लाउजपीस कोणी आणू नये आणि कोणाला देऊ नये. चौकात माझा फ्लेक्स लावू नये. ज्यांना दुःख होईल त्यांनी घरी जाऊन एक कपाट मोकळे करावे.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः दोनदा वाचला आणि चष्मा लावून सही करते.

(सही) ज्योत्स्ना दिनकर बोरस्ते

स्थळ: इंदिरानगर, नाशिक
दिनांक: २८ एप्रिल २०२५

आमच्यासमक्ष लिहून देणार यांनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या. आम्हा दोघांना यातून काही मिळायचे नाही.

१. (सही) डॉ. सुनील पुंजा गांगुर्डे, नाशिक
२. (सही) मनीषा केरू आव्हाड, नाशिक

ताब्यात दिलेल्या वस्तूंची नोंद
रविवार, ४ मे २०२५

ज्याचे त्याला देण्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण दिसले नाही. म्हणून आजच दिले.

१. हत्यारांची पेटी एक, सोफा एक. घेणार: धनराज. शेरा: "वहिनी, सोफा फाटला की," असे म्हणाले. ऐकून घेतले. सही घेतली. व्हर्नियर सोबत आणले नव्हते.

२. पैठणी एक. घेणार: चंद्रभागाबाई. शेरा: दारात उभ्याने घडी मोडून पाहिली. "लय जुनी हाय," म्हणाल्या. आत आल्या. चहा घेतला. सही करताना म्हणाल्या की जुलैत नातवाचे बारसे आहे.

३. दाराच्या किल्ल्या दोन. घेणार: आशा सोनवणे, मीना भोये. शेरा: उद्या सोमवारपासून खोली चालू. पाच मुलींना निरोप गेला, दोघी गावी आहेत.

४. खोकी एकतीस, कार्डांसह. घेणार: योगेश. शेरा: पुण्याहून टेम्पो घेऊन आला. हर्षाली आली नाही. कलम सात मी त्याला वाचून दाखवले. "बरं," म्हणाला. खोकी स्वतः खाली नेली, मला मोजू दिली, एकतीस भरली. सहीच्या खाली त्याने आपल्या हाताने लिहिले: "खोके क्र. १७ मध्ये माझी कॉलेजची पुस्तके आहेत. मुलींसाठी ठेवली तर चालतील का?"

चालणार नाहीत. अभ्यासक्रम बदलला आहे. माल परत.

माल घेणार टेम्पोवाल्यासह जेवून गेला.